बोअरचं पाणी

२९ एप्रिल २०२४
गायमुख. पाऊण तास एका जागी. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून उठला तो लाल पट्टीला जाऊन टेकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला. मनालीला जायचं म्हणून बसवलेला हीटर. मनाली झालीच नाही. पहिल्यांदा लावला तो ठाण्याच्या उन्हात, इंजिनाची आग आत ओढायला. बाबा गाडीत मागे पलंगावर आडवे. उशी घामाने भिजली. म्हणाले, "छान वाफ मिळतेय रे." टोमणा होता की काय, कळलं नाही.

कशीबशी कडेला घेतली. एक रिक्षावाला बाटली घेऊन धावत आला, थेट झाकणाला हात घालणार होता. अडवलं. तासाभराने फडकं धरून झाकण जरासं सैल केलं. फुस्स. मग साडेतीन लिटर पाणी गिळलं गाडीने.

ठाण्याच्या डॉक्टरांची वेळ हुकली.

३० एप्रिल
सिन्नरला फोन. आत्या झोपलीय म्हणे. परवाही झोपलेलीच होती.

इंजिन गार झाल्यावर रेडिएटरमध्ये बॅटरी मारून पाहिलं. पाणी चहाच्या रंगाचं. तोंडाशी बोट फिरवलं. पांढरी खरखरीत पुटं. अशीच आमच्या न्हाणीघरातल्या नळाला असतात. तेच बोअरचं पाणी दोन वर्षं मीच घालतोय, बागेच्या पाइपने, वरपर्यंत.

२ मे
फिल्टरवाल्याकडून क्षार मोजायचं मीटर मागून आणलं. बोअर १३८०. टँकर ६१०. बॅटरीत घालायचं पाणी ३.
ही म्हणाली, "या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून दहा वर्षं सांगतेय. तुम्हाला मीटर लागला."
बाबा खाटेवरून : विहीर गोड होती. बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बुजवलं आणि खारं पाणी आत आलं. आमच्या निर्मळ गावातला प्रत्येक म्हातारा हेच सांगतो. खोटं नाही ते.

५ मे
हायवेला सातिवलीपर्यंत तीन गॅरेजं फिरलो.
पहिला : "थर्मोस्टॅट काढून टाका काका. आपल्याकडे थंडी कुठे?"
दुसरा : चमचाभर हळद टाका, गळती आपोआप बंद. ट्रकवाले टाकतात, खरं आहे. भोक बुजतं. शेजारची नळीही बुजते.
तिसऱ्याने बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. "आधी रेडिएटर उतरवा, मग बोलू." याच्याकडे टाकणार.

थर्मोस्टॅट काढणार नाही. साधारण ८२ अंशांना उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरतं. काढला तर इंजिन कायम कोमट. डिझेल जास्त पिणार, झीज जास्त. आणि इतका सोपा उपाय म्हटला की मला संशय येतो.

७ मे
झोप नाही. बाबांच्या पाठीला दोन तासांच्या वर बसणं जमत नाही. आडवं होता येईल अशी दुसरी गाडी नाही. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, पलंग, ओटा, टाकी, सगळं बसवलं. पडद्यांचा रंग निवडायला आठवडा घालवला. रेडिएटरकडे दोन वर्षं ढुंकून पाहिलं नाही.

९ मे
किल्लाबंदर. शाळेतला जुना दोस्त बोटीवरच होता. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या. काठीवर बोंबील, वासाने डोकं भणभणलं. त्याला विचारलं, तुझं इंजिन दर्याच्या पाण्यावर कसं टिकतं? हसला. दर्याचं पाणी इंजिनात जातच नाही. एका बाजूने खारं, दुसऱ्या बाजूने गोडं, मध्ये नळ्या. वर त्यात जस्ताचा तुकडा. खारं पाणी आधी जस्त खातं, ते संपत आलं की बदलायचं. त्याने जुना तुकडा दाखवला. कुरतडलेल्या खडीसाखरेसारखा.
"मी दर्यात राहून खारं घालत नाही, तू वाडीत राहून घालतोस?"
येताना अर्धा किलो सुके बोंबील दिले. पैसे घेतले नाहीत.

११ मे
रेडिएटर उतरला. गोखिवऱ्याला डाख लावणारे चाचा, बसून काम करतात. जुना तांब्या-पितळेचा आहे म्हणून दुरुस्त होईल म्हणाले. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असता तर सरळ नवा. ब्लो टॉर्चने वरच्या टाकीचा डाख वितळवला, टाकी डब्याच्या झाकणासारखी अलगद उचलली. आत चपट्या नळ्यांची तोंडं. कितीतरी पांढरी, बंद. मोजली. ४४ पैकी १९.
चाचांनी पातळ पोलादी पट्टी घेतली. एकेका नळीत सरळ खाली. करकर आवाज. खालून पिठासारखं पडत राहिलं. कागदावर मूठभर ढीग झाला. कागदाची पुडी करून माझ्या हातात दिली. "घर का नमक."
पुडी आणलीय. हिला दाखवली नाही.

१३ मे
दुपारी चारला अंधारलं. धुळीचं वादळ, मग सरी. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. रात्रभर टीव्ही.

१५ मे
एसीचा कंडेन्सर पुढे, रेडिएटर मागे. मधल्या फटीत आजवर कुणी पाहिलं नसावं. सावरीचा कापूस, चिलटं, परवाची धूळ, एक रावळगावचा कागद. बाहेरून पाणी मारलं की कचरा आणखी आत रुततो. इंजिनाकडून बाहेर मारायचं, धार मंद. वाकलेले पत्रे हिच्या जुन्या भाजीच्या सुरीने सरळ केले. एका कोपऱ्यात पत्रा बोटाखाली भुगा झाला. समुद्र सव्वा कोसावर, वारा सोडत नाही.

१६ मे
सिन्नरहून आत्याच्या सुनेचा फोन. "या महिन्यात जमेल का बघा." एवढंच.

१८ मे
रेडिएटर बसला. साध्या पाण्याने तीनदा धुतलं, चौथ्यांदा बॅटरीच्या पाण्याने. तेव्हा कुठे निवळ आलं. मग हिरवं कूलंट आणि बॅटरीचं पाणी, निम्मं निम्मं.
कूलंट म्हणजे बर्फातलं औषध, असं मी समजत होतो. वसईत बर्फ कुठला! पण हे मिश्रण उघड्यावरसुद्धा १०७ च्या आसपास उकळतं, आणि गंज धरू देत नाही. डिझेलला तर हवंच. लायनर थरथरतात, बाहेरच्या अंगाला बुडबुडे फुटून फुटून लोखंडाला खड्डे पाडतात. गॅरेजवाल्याने असा एक लायनर दाखवला. देवीचे व्रण असलेल्या गालासारखा.

थोडं अंगणात सांडलं. मांजरं चाटतात आणि मरतात. माती टाकली, खरवडून पिशवीत भरली. धुण्याचं घाण पाणी कॅनमध्ये. बाबा ओरडले, "बावखलाच्या काठी नेऊ नको हां!" कोणतं बावखल? शेजारी अर्धं उरलंय ते.

२० मे
मतदान. गॅरेजं बंद. बाबांना गाडीतूनच नेलं. येऊन-जाऊन चार किलोमीटर, काटा मध्यावर. बाबा दिवसभर शाईचं बोट बघत होते.

२१ मे
आत हवा अडकलीय. काटा मध्येच उडतो. वसई सपाट, चढ शोधायला तुंगारेश्वरच्या पायथ्याशी जावं लागलं. नाक वर करून उभी केली, झाकण उघडं, हीटर चालू, वरचा होज हाताने दाबत राहिलो. बुडबुडे. पाऊण लिटर आणखी बसलं. देवळात जाणाऱ्या बाईने विचारलं, "गाडीला दूध पाजताय का?"

२२ मे
मनोरपर्यंत चाचणी. परत आल्यावर कूलंटच्या छोट्या टाकीतून उतू गेलेलं, बंपर हिरवा. गळती कुठेच नाही. डोकं चालेना.
ही ओट्यापाशी. "कुकरची शिट्टी होत नाही तेव्हा आधी रिंग बघतात."
झाकणाच्या रबराला तडा. स्प्रिंग ढिली. त्यावर ०.९ लिहिलंय. तेवढा दाब टिकला तर साधं पाणीही ११८ च्या पुढेमागे उकळतं. दाब गेला की शंभरालाच. चार हजारांचं काम केलं आणि झाकण जुनंच ठेवलं.

२३ मे
नवं झाकण. बेल्टही बदलला.

२४ मे
आत्या फोनवर आली. आवाज ओळखू येईना. "भाऊला आणतोस?" म्हणाली. आणतो म्हटलं.

२६ मे
पहाटे साडेचारला निघालो. चिंचोटी, कामण, भिवंडी. शहापूरला चहा. बाबा झोपलेले.
कसारा घाट. एसी बंद, दुसरा गिअर, ट्रकच्या मागे. शेजारून मालगाडी चढत होती, मागून ढकलायला इंजिनं लावलेली. रुळांचा चढ सदतिसास एक. आम्हाला मागून ढकलणारं कुणी नाही. पंखा गुरगुरायला लागला. काटा मध्याच्या वर एक रेघ. दोन रेघा. मी हीटरवर हात ठेवून होतो. तिथेच थांबला.
इगतपुरीला खिडक्या उघडल्या. गार वारा. बाबा उठून बसले, "घाट कधी लागणार?"
घोटीवरून सिन्नर. दहा वाजता दारात.
आत्या पलंगावर. बाबांकडे बराच वेळ बघत राहिली. "निजून आलास?"
"निजून."

२७ मे, सिन्नर
सकाळी इंजिन गार. सून बोअरचा पाइप ओढत घेऊन आली, गाडीत पाणी घालायला. नको म्हटलं. छोटी टाकी पाहिली. कूलंट खुणेवर, निघताना होतं तेवढंच.