घोड नदीकाठचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गाव

पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांकडे पाहून कुणाला वाटेल, की साडेतीन हजार वर्षांपूर्वी या मातीवर एक भरलेले गाव नांदत होते? पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले आणि ते गाव उजेडात आले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांचा या कामात मोठा वाटा होता.

इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे येथे वस्ती होती. तांबे माहीत होते, पण ते दुर्मिळ. त्यामुळे रोजच्या कामाला दगडाचीच हत्यारे. गारगोटीसारख्या चकचकीत दगडाची लांब, धारदार पाती काढून ती लाकडी मुठीत बसवली, की विळा तयार! त्या विळ्यांनी जवाची कापणी होई. शेताला पाणी देण्यासाठी पाटही खणलेला होता.

मडकी तर पाहत राहावीत अशी. चाकावर घडवलेली, तांबूस रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी. टिचकी मारली तर खणखणीत वाजावीत इतकी पक्की भाजलेली. नगर जिल्ह्यातील जोर्वे गावावरून त्यांना 'जोर्वे' हे नाव पडले.

याच मातीच्या भांड्यांनी एक हृदयद्रावक गोष्टही जपून ठेवली आहे. तान्हे मूल दगावले, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यात त्याला घालून घरातल्याच जमिनीखाली पुरत. गेलेले लेकरूही घराबाहेर जाऊ नये, असेच त्या आईबापांना वाटत असेल का?

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास मात्र गावाचे दिवस फिरले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शिकारीवर भिस्त वाढली. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

शिरूरचा हा भाग आजही कमी पावसाचाच. मृग कोरडा गेला, की आभाळाकडे लागणारे डोळे आजचे असतात. काळजी मात्र तीन हजार वर्षांची जुनी!