उठाबशा

आमच्या टेबलावर पुन्हा पुन्हा पडून उठण्याच्या प्रकाराला ‘उठाबशा’ म्हणतात. दर दुसऱ्या रविवारी दुपारी कोथरूडला माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला जमतात. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांच्या वतीनं फासे टाकणारा आणि भांडणं मिटवणारा. दोन वर्षांपूर्वी एका लढाईत आमचा फायटर चार वेळा हिट पॉइंट संपून शून्यावर गेला आणि चारही वेळा उठून उभा राहिला. चौथ्यांदा पडला तेव्हा त्यानं मान वर न करता चिवड्यात हात घातला. पात्र मरणाच्या दारात, आणि खेळणारा शेंगदाणे वेचतोय!

दोष त्याचा नव्हता. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो. तिच्यात एक हिट पॉइंट उरलेला फायटर आणि पंचेचाळीस असलेला फायटर सारख्याच जोरानं तलवार चालवतात. जखमी होण्याची काही किंमतच नाही, किंमत फक्त शून्याला. आता हिशोब बघा. फायटरकडे तीन पॉइंट उरलेत, समोर ओगर. त्याच्या सोट्याचा एक तडाखा सरासरी १३चा. आमच्या क्लेरिकनं, म्हणजे मंत्रानं बरं करणाऱ्या पात्रानं, आपली पूर्ण पाळी खर्चून ‘क्युअर वूंड्स’ म्हटलं, तर पहिल्या पातळीला मिळणार सरासरी साडेसात. म्हणजे बरा करूनही तो पुढच्या तडाख्याला पडणारच. त्यापेक्षा तिनावर असतानाच पडू द्यावा. ओगरच्या तेरातले दहा हवेत जातात. मग साठ फुटांवरून नुसता ‘हीलिंग वर्ड’ उच्चारायचा, पाचसहा पॉइंट द्यायचे, गडी परत उभा. वर क्लेरिकची मुख्य ॲक्शन शिल्लक. पाचातले तीन जण इंजिनिअर आहेत. हे गणित त्यांनी पहिल्या महिन्यातच सोडवलं होतं, मी मात्र नाट्य रंगवत बसलो होतो.

जुने लोक या बाबतीत कंजूष होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीच्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांत दिवसभर पडून राहिलं तर एक पॉइंट भरून यायचा. एक! तिसऱ्या आवृत्तीत पन्नास वेळा चालणारी बरं करण्याची कांडी ७५० सुवर्णनाण्यांना मिळू लागली आणि घरोघरी बामची बाटली असावी तशी ती प्रत्येक झोळीत आली. पाचवीत तर आठ तासांची लाँग रेस्ट घेतली की सगळे पॉइंट परत. आमची क्लेरिक खऱ्या आयुष्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हा नियम पहिल्यांदा वाचून ती म्हणाली, “असं असतं ना, तर मी दवाखाना बंद करून गाद्या विकल्या असत्या.” मी तिला गॅरी गायगॅक्सचा जुना खुलासा ऐकवला, की हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, त्यात कौशल्य आणि नशीबही आलं. “मग दम म्हण ना सरळ,” ती म्हणाली. तेव्हापासून आम्ही दमच म्हणतो.

दुरुस्तीचे माझे पहिले दोन प्रयत्न सपशेल फसले. आधी मी डीएमच्या पुस्तकातला कडक पर्याय लावला : शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. मंडळी खाणावळीतून हलेनात. गावाबाहेर ड्रॅगन, आणि हे आठवडा संपायची वाट बघत पत्ते कुटतायत. मग दुसरा नियम : शून्यावर गेलास की थकव्याची एक पायरी चढलास. सहाव्या पायरीला मृत्यू. हा नियम बऱ्याच टेबलांवर चालतो म्हणतात. आमच्याकडे फायटर भडकला. “अरे, सगळ्यांचा मार मी खायचा आणि दंडही मीच भरायचा?” बरोबर होतं त्याचं. उपचार लांबवणारी दुसरीच, आणि थकवा पुढे उभ्या राहणाऱ्याला.

उत्तराचं टोक सापडलं ते कबड्डीत. शाळेत आमचे सर जुने तीन प्रकार सांगायचे. ‘संजीवनी’त बाद झालेला गडी परत येतो, पण आपल्या बाजूनं समोरचा गडी मारला तरच. ‘गामिनी’त एकदा गेला की अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. ‘अमर’मध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही, फक्त गुण जातो. मला वाटत होतं मी संजीवनी खेळवतोय. प्रत्यक्षात चाललं होतं अमर, आणि गुण लिहून ठेवायला कोणी नव्हतं.

म्हणून गुण लिहायचे ठरवलं. शून्यावर गेलेल्यानं दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा : दहा किंवा वर आले तर यश, खाली आले तर अपयश, तीन अपयशं झाली की मेला. पुस्तकाप्रमाणे एक पॉइंट जरी परत मिळाला तरी ही अपयशं पुसली जातात. आमच्याकडे ती लाँग रेस्टपर्यंत राहतात. कॅरेक्टर शीटवर अपयशाचे तीन बारीक गोल असतात. बाकी शीट पेन्सिलीनं भरायचं, हे गोल बॉलपेननं. लाँग रेस्ट झाली की व्हाइटनर माझ्याकडे मागायचा. ताकद तीच, स्पेलही तेच, कोणाचा एक आकडा मी बदललेला नाही. पण फायटरच्या शीटवर निळा ठिपका दिसला की क्लेरिकला तो टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. पडायची वाट बघणं आता तिच्या जिवावर येतं. हा नियम शेवटचा असेल असं मी म्हणत नाही. पाच जणांच्या टेबलावर चालतो, सात जणांच्या चालेलच असं नाही.

गेल्या खेपेला फायटरचे दोन गोल भरलेले होते, दम चार, समोर ओगर. चिवड्याचं ताट मधोमध तसंच. क्लेरिकनं पाळी आल्याबरोबर, तो उभा असतानाच, पूर्ण ॲक्शन खर्चून ‘क्युअर वूंड्स’ म्हटलं आणि आठ बाजूंचा फासा टाकला. एक पडला.

“टेबल हललं,” फायटर म्हणाला. “परत टाक.”

मी नाही टाकू दिला.