वसईच्या दस्तरखानावर एक दिवस

तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांचा, हे आमच्या गावातलं लहान पोरही सांगतं. पण १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. म्हणजे तारापूर, डहाणू, वसई या पोर्तुगीज अमलातल्या किनाऱ्याचा धनीही तेव्हा स्पेनचा राजाच होता. हे वर्गात सांगितलं आणि सातवी-आठवीच्या मुलांनी गलका केला. "टीचर, मग आपण स्पेनमध्ये होतो?" पुढे प्रश्नच प्रश्न. तिथले लोक खातात काय? शहरं कशी असतात? तिथे मुसलमान होते का?

परदेशची सहल आमच्या मुलांच्या ऐपतीतली नाही. वसई मात्र बोईसरहून लोकलने तास-सव्वा तासाच्या वाटेवर आहे. पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची ती राजधानी. तिथलं जुनं शहर पाहायचं आणि त्या काळच्या चवी जपणाऱ्या एका ख्रिस्ती घरी जेवायचं, असं आम्ही ठरवलं.

किल्ल्याला कुणाची हरकत नव्हती. जेवण म्हटल्यावर पालकांच्या सभेत कुजबुज सुरू झाली. एका आईने स्पष्टच सांगितलं, "किल्ला दाखवा, इतिहास शिकवा, पण माझी मुलगी डब्यातलंच खाईल." त्यांची काळजी खोटी नव्हती. कुरआनच्या सूरह माइदामध्ये ग्रंथधारकांच्या अन्नाला परवानगी आहे. पण मांस, चरबी, दारू यांचा प्रश्न उरतोच. म्हणून आम्ही वसईच्या बाईंशी आधीच फोनवर बोललो. मांस अजिबात नको. मासे, अंडी, भाजी चालेल. सिरका ताडीचा असतो हे कळल्यावर मौलाना साहेबांना विचारलं. ताडी आपोआप आंबून तिचा सिरका झाला, की तो हलाल. यावर शाफई फिकहमध्ये वाद नाही आणि हनफीमध्येही नाही. एवढं करूनही त्या मुलीच्या दप्तरात डबा आलाच. आम्ही काही बोललो नाही.

डिसेंबरमधल्या शनिवारी सकाळी बावीस मुलंमुली बोईसर स्टेशनवर जमली. यजमानांसाठी घोलवडच्या चिकूंची करंडी घेतली होती. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपण अभिमानाने सांगतो. पण हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं आणि 'चिकू' हे नाव स्पॅनिश 'चिको'वरून आलेलं. हे ऐकून मुलं करंडीकडे परक्या पाहुण्याकडे पाहावं तशी पाहू लागली. पालघर, केळवे रोड, सफाळे गेलं, वैतरणेचा पूल आला, तोवर वह्यांमध्ये यादी तयार झाली होती. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, साबण, चावी, बादली. सगळे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. "बादलीसुद्धा?" या प्रश्नावर डबा हसला.

वसईचा किल्ला म्हणजे नुसती तटबंदी नव्हे. आत अख्खं शहर होतं. रस्ते, चौक, चर्च, मठ, इस्पितळ. आज छपरं नाहीत. भिंतींतून वडा-पिंपळाची मुळं उतरली आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर कबरींच्या शिळा आहेत, त्यांवरची अक्षरं मुलं बोटाने चाचपून वाचत होती. हा मुलूख १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने तह करून पोर्तुगिजांना दिला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. सुलतानाने एवढी जागा देऊन का टाकली, असं एका मुलाने विचारलं. उत्तरेकडून हुमायूनचं संकट होतं, त्याला पोर्तुगिजांची मदत हवी होती. राजकारणात असं होतं, याहून जास्त आम्ही सांगितलं नाही. ऊन वाढत होतं आणि भुकाही लागल्या होत्या.

जोहरची नमाज मुलांनी मशिदीत अदा केली. मुलींना बाईंनी आतली खोली झाडून दिली. किब्ला कुठे, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. "समुद्राकडे ना? मग या भिंतीकडे," असं म्हणत स्वच्छ चादर अंथरली. खिडकीत नाताळचा कागदी तारा लटकत होता.

मग जेवण. नारळाच्या दुधात मळून तळलेले फुगे आले. फुग्यांचं पीठ पूर्वी ताडीने फुगवत. आज यीस्ट घातलं आहे, हे बाईंनी न विचारता सांगितलं. नारळाचा भात, बाटली मसाल्यातली भाजी. हा मसाला बाटल्यांत ठासून भरतात म्हणून हे नाव. आणि सिरक्यात मुरवलेली सुरमई.

इथे आमच्या उर्दूच्या तासाचं चीज झालं. बगदादच्या अब्बासी दरबारात 'सिकबाज' नावाचा पदार्थ होता, सिरक्यात शिजवलेलं मांस. 'सिक' म्हणजे फारसीत सिरका. तो अंदलुसमार्गे स्पेनमध्ये पोहोचला, तिथे मासळीचाही झाला आणि 'एस्काबेचे' म्हणवू लागला. सिरक्यात मुरवायची रीत पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर आणली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सिरक्याची तारीफ केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, ती मुलांना पाठ होती. तांदळाला स्पेनमध्ये 'आरोस' म्हणतात, तो अरबी 'अर-रुझ्झ'. साखर 'असुकार', ती 'अस-सुक्कर'. केशर 'असाफ्रान', ते आपलं जाफरान. मुलं जेवता जेवता शब्द ओळखू लागली.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, ज्यांनी मुसलमानांना स्पेनमधून हाकललं, त्यांचंच आपण खातोय का?"

घरात शांतता झाली. बाई वाढता वाढता थांबल्या. आम्ही जे खरं ते सांगितलं. ७११ साली तारिक बिन जियाद तिथे उतरले, १४९२ साली गरनाता पडलं. पुढे मुसलमानांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. एखाद्या घरात डुकराचं मांस का शिजत नाही, तिथे ऑलिव्हचं तेलच का वापरतात, यावर नजर ठेवली जाई आणि तेवढ्यावरून इन्क्विझिशनपुढे उभं केलं जाई. शेवटी १६०९ पासून त्या बाटवलेल्यांनाही देशाबाहेर काढलं. तो हुकूम तिसऱ्या फिलिपचा. तेव्हा वसई आणि तारापूरही त्याच्याच ताब्यात होतं. इन्क्विझिशन गोव्यातही होतं, त्याचा हात वसईपर्यंत पोहोचत असे. पण या बाईंचे वाडवडील इथलेच, वसईच्या मातीतले. हाकलणारे ते नव्हेत.

बाई म्हणाल्या, "पोरा, माझ्याकडे नाताळला डुकराचं मटण शिजतं. म्हणून काल भांडी नवीन आणली. मडकंसुद्धा." एवढंच बोलून त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक फुगा वाढला. त्याने खाल्ला.

डबा आणलेल्या मुलीने आधी डबाच उघडला होता. नवीन मडक्याचं ऐकल्यावर तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही मान डोलावली नाही, नकारही दिला नाही. घरचा शब्द तिचा तिनेच सांभाळायचा होता. तिने सुरमई घेतली नाही. पण आपल्या डब्यातली शामी टिक्की बाईंच्या ताटात ठेवली. बाईंनी ती खाऊन मसाला विचारला.

निघताना बाईंनी पानात बांधलेली सुकेळी दिली. वसईची ही वाळवलेली केळी परतीच्या गाडीत विरारच्या आधीच संपली. आठवडाभराने त्या मुलीची आई शाळेत आली. तक्रार असेल असं वाटलं. तिने पर्समधून चिठ्ठी काढली. मुलीने उर्दूत लिहून आणलेली सुरमईची कृती होती ती. सिरका किती चमचे, तेवढंच लिहायचं राहिलं होतं. आम्ही तिथेच वसईला फोन लावून दिला.