हातांनी बोलणारे गाव

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ मार्थाज् व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथल्या चिलमार्क गावात एकोणिसाव्या शतकात सुमारे दर २५ माणसांत एक जण जन्मतः बहिरा असे. नात्यागोत्यात लग्ने होत, त्यातून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरले. पण गावाने काय करावे? ऐकणाऱ्यांनीच खुणांची भाषा उचलली! बहिरे मूल जन्मले, तर शेजारच्या पोरांना खुणा आधीच येत. दुकानात, होडीवर, सभेत हात बोलत. नोरा ग्रोस या संशोधिकेचे पुस्तक १९८५ साली आले. तिने बहिऱ्यांविषयी विचारले की म्हातारे आधी सांगत, तो पट्टीचा मासेमार होता. बहिरेपण मागाहून आठवे.

१८१७ साली हार्टफर्डला बहिऱ्यांची शाळा निघाली. मुले तिकडे शिकली, बाहेर लग्ने झाली. त्या परंपरेतली शेवटची बहिरी स्त्री १९५२ साली वारली.

हे वाचताना माझा धाकटा भाऊ डोळ्यांपुढे आला. वस्ती त्याला ‘मुका’ म्हणे. शाळेत खुणा केल्या की हातावर छडी. आईने मात्र घरच्या खुणा बसवल्या. बोटांचा चष्मा आणि उगारलेले बोट म्हणजे बाबासाहेब. विहारात तो इतरांकडे पाहून हात जोडी. पुढे समतेवर तासभर व्याख्यान चाले, आणि हा भिंतीवरच्या तसबिरी मोजत बसे. त्याच्यासाठी दोन वाक्ये हातांनी सांगावीत, असे एकाही वक्त्याला सुचले नाही.

आता वंदनेनंतर दोन मुली त्याच्याकडे खुणा शिकायला बसतात. धाकटीची बोटे फार चपळ आहेत.