एक कार्ड, तीन पाळ्या

तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये कुठेतरी ६० आणि १२० असे दोन आकडे असतील. १२० वर ठेवला की बोटाखालची यादी लोण्यासारखी सरकते, पण बॅटरी लवकर उतरते. बहुतेक जण दोनचार दिवस विचार करतात आणि एक आकडा ठरवून विसरून जातात. फोन एकाचाच असतो, त्यामुळे ते सोपं जातं. आमच्या वर्ध्याच्या घरात कॉम्प्युटर एक आहे, माणसं तीन आणि त्याच्यापुढे मांडलेले पडदेही तीन.

मी घरून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. धाकटा भाऊ व्हॅलोरंट खेळतो आणि ते मनावर घेऊन खेळतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांत फुटायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतःहून गाडीची किल्ली भावाच्या हातात दिली. त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मग भावाने एक जुनं स्टिअरिंग आणून टेबलाला लावलं आणि त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर उघडून दिला. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट करण्यात आयुष्य गेलेला माणूस आता संध्याकाळी जर्मनीत माल पोचवतो.

घरात २४ इंची दोन मॉनिटर आधीपासून होते, दोन्ही १०८० पी, ७५ हर्ट्झचे. तिसऱ्यापुरते पैसे जमले आणि वाद सुरू झाला. रिझोल्यूशन घ्यायचं की रिफ्रेश रेट?

माझी बाजू पिक्सेलची. '२७ इंच' ऐकायला भारी वाटतं, पण १०८० पीचे पिक्सेल एवढ्या काचेवर पसरले की इंचाला जेमतेम ८२ येतात. २४ इंचावर तेच ९२ असतात आणि २७ इंची १४४० पीवर १०९. इंग्रजी अक्षर त्या ८२मध्ये कसंबसं भागवून नेतं. देवनागरीचं तसं नाही. 'सर्वांत' लिहिलं की रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसतात, 'राष्ट्र' लिहिलं की तीन व्यंजनं एकाखाली एक उभी राहतात. हे सगळं मोजक्या पिक्सेलांत कोंबलं की टिंब आहे की धूळ, हे कळायला मान पुढे न्यावी लागते. आठ तास मान पुढे नेणं हा माझ्यासाठी आकड्यांचा प्रश्न उरत नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, तुले अक्षर दिसत नाही, मले माणूस दिसत नाही."

त्याचंही खरं होतं. ६० हर्ट्झचा पडदा एक चित्र १६.७ मिलिसेकंद तसंच धरून ठेवतो. डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूबरोबर सरकत असतो. चित्र थांबलेलं आणि डोळा चालू, म्हणून कडा फासटतात. दोन सेकंदांत पडदा ओलांडणारी आकृती १०८० पीवर सेकंदाला ९६० पिक्सेल सरकते. ६० हर्ट्झवर तिची कड १६ पिक्सेल पुसट होते, १४४ वर सातपेक्षा कमी. पळणाऱ्या शत्रूचं डोकं केवढंसं असतं, हे खेळणाऱ्याला सांगायला नको.

बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं. "मले दोन्हीकडचे आरसे दिसले पायजे," म्हणाले. "बाकी तुमचं तुम्ही पाहा."

त्यांना ना पिक्सेल हवे होते ना हर्ट्झ. त्यांना रुंदी हवी होती. व्हॅलोरंटमध्ये शेजारी कितीही पडदे मांडले तरी जास्तीचं मैदान दिसत नाही. ट्रक किंवा विमान चालवण्याच्या खेळांत मात्र बाजूचे पडदे खिडक्या होतात. वळणावर मान वळवली की तिथे खरंच काहीतरी असतं.

पण पडदे तीन झाले तरी ग्राफिक्स कार्ड एकच. सेलू तालुक्यात मामाचं वावर आहे. तिकडे बोर धरणाच्या कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. ओलीत करणाऱ्याला पक्कं माहीत असतं की तीन वावरांत एकदम पाणी सोडलं तर तिन्हीकडे चिखल होतो, पीक कुठलंच भिजत नाही. कार्डाचा हिशेब फारसा वेगळा नाही. एका १०८० पी पडद्यावर २०.७ लाख पिक्सेल असतात. ते सेकंदाला ६० वेळा रंगवायचे तर साडेबारा कोटींचं काम होतं, १४४ वेळा रंगवायचे तर जवळपास ३० कोटींचं. १४४० पीचा एक पडदा १४४ वेळा म्हणजे ५३ कोटी. १०८० पीचे तीन पडदे ६० वेळा म्हणजे ३७ कोटी. आणि मनातला स्वर्ग, १४४० पीचे तीन पडदे १४४ वेळा, म्हणजे १५९ कोटी. आमचं मध्यम कार्ड त्या स्वर्गाच्या दारातच धापा टाकेल. खेळागणिक कष्ट वेगळे असतात, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण दिशा तीच दाखवतो.

या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली. आम्ही तिघं एकाच वेळी बसतच नाही. दिवसा मी, संध्याकाळी बाबा, जेवणानंतर भाऊ. मग प्रश्न बदलला. कोणती गोष्ट पाळीप्रमाणे कमीजास्त करता येते आणि कोणती येत नाही?

हर्ट्झ कमी करता येतात. १४४चा पडदा ६० वर आणला तर चित्र तितकंच रेखीव राहतं, फक्त चाल मंदावते. पिक्सेलांचं तसं नाही, ते काचेतच कोरलेले असतात. १४४० पीच्या पडद्याला १०८० वर चालवलं की एक पिक्सेल सव्वा-दीड घरांत वाटावा लागतो आणि सगळं मऊ पडतं. त्याहून वाईट म्हणजे १०८०चा पडदा कधीच १४४० होत नाही. म्हणून मधला एकच पडदा चांगला घ्यायचं ठरलं, २७ इंची, १४४० पी, १४४ हर्ट्झ. जुने दोघे दोन बाजूंना.

यात प्रत्येकाला थोडं सोडावं लागलं. मला तिन्ही पडदे धारदार मिळाले नाहीत. बाजूच्या पडद्यावर मी फक्त मूळ हस्तलिखित उघडते. भावाला १४४ मिळाले, पण १०८० पीपेक्षा पावणेदोन पट पिक्सेलांचं ओझं घेऊन, म्हणून तो खेळातलं सावल्या-गवत बंद करतो. सगळ्यात जास्त बाबांनी सोडलं. तीन पडद्यांचा एक सलग पडदा करायचा तर तिन्ही एकाच रिझोल्यूशनवर आणि एकाच गतीवर आणावे लागतात. त्यांच्या पाळीत महागडा पडदा १०८० वर उतरतो, ६० हर्ट्झवर चालतो, शिवाय बाजूंपेक्षा उंच दिसतो. रस्ता मध्ये मोठा आणि कडेला लहान होतो. "गाडीची काचही अशीच असते," एवढंच ते म्हणाले. अशी नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मे महिन्यात हा हिशेब आणखी खरा होतो. पारा ४५च्या वर, खिडकीत कुलर, आणि कार्ड जितकी वीज खातं तितकी उष्णता खोलीतच ओततं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर येतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. अशा वेळी बाजूचे पडदे बंद करायचे आणि खेळाची फ्रेम ६० वर बांधायची. कार्ड लगेच शांत होतं. इथेही कमी करता आले ते हर्ट्झच.

तुम्ही असा पडदा घेणार असाल तर एक लहान काम विसरू नका. विंडोज पुष्कळदा १४४चा मॉनिटरही ६० वरच चालवत बसते. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. केबलही त्या गतीला पुरणारी लागते.

मॉनिटर निवडायला मदत करणारे व्हिडिओ आम्ही कितीतरी पाहिले. त्या सगळ्यांत खुर्चीवर एकच माणूस असतो आणि त्याची एकच आवड असते. आमच्याकडच्या घरांत तसं क्वचित असतं. एक कॉम्प्युटर कुणाची नोकरी असतो, कुणाचा अभ्यास, कुणाचा खेळ. तिथे 'सर्वोत्तम कोणता' विचारून भागत नाही, 'कोणाच्या पाळीला काय कमी पडेल' ते पाहावं लागतं.

परवा प्रूफं उशिरा आली आणि माझं काम संध्याकाळवर गेलं. बाबा येऊन मागे उभे राहिले. स्क्रीनवर त्या पुस्तकाचं पान होतं. चष्मा न लावता त्यांनी एक ओळ सावकाश वाचून काढली, मग म्हणाले, "चालू दे तुझं. माझा ट्रक काही कुठं जात नाही."