खूण कुठे करायची?

गुदाशयाच्या कॅन्सरच्या बऱ्याच शस्त्रक्रियांत आतड्याचं तोंड पोटावर काढावं लागतं, कुणाचं काही महिन्यांसाठी, कुणाचं कायमचं. त्याला स्टोमा म्हणतात. त्याची जागा ऑपरेशन टेबलावर शोधून नीट सापडत नाही. भूल दिलेल्या, आडव्या माणसाचं पोट सपाट दिसतं. तोच माणूस उठून बसला की त्यावर वळ्या पडतात आणि वळीत गेलेल्या स्टोमावर पिशवी चिकटून राहत नाही. ती कडेने गळते, कातडी सोलवटते, माणूस घराबाहेर पडायचं सोडतो.

म्हणून शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उभं करायचं, खुर्चीवर बसवायचं, मांडी घालायला लावायचं, वाकवायचं. परकराची नाडी कुठे बांधता? पँटचा पट्टा कुठे येतो? जेवायला जमिनीवर बसता? लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम असतं? मग मार्करने खूण करायची आणि विचारायचं, तुम्हाला ती दिसते का? पोट सुटलेलं असेल तर बेंबीखालची जागा दिसतच नाही. तिथे खूण वर सरकवावी लागते. यातलं एकही उत्तर सीटी स्कॅनमध्ये नसतं. ते फक्त रुग्णाकडे असतं.

आणि इथेच आपल्याकडे घोडं अडतं. "त्यांना काही सांगू नका डॉक्टर, धीर सोडतील," असं मुलगा किंवा जावई दाराबाहेर हळूच सांगतो. मायेनेच सांगतो. पण ज्याला आजारच सांगितलेला नाही, त्याच्या पोटावर खूण कशी करायची? शुद्धीवर आल्यावर चादर बाजूला करून पिशवी पहिल्यांदा पाहणं, हा धक्का खरं ऐकण्याच्या धक्क्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. माझ्या मते संमतीपत्रावरच्या सहीपेक्षा ही खूण जास्त खरी संमती आहे. न समजता सही करता येते, खूण करून घेता येत नाही.

या क्षेत्राचा इतिहासही रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनीच घडवला. १९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सन या परिचारिकेने चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली, कारण स्टोमा झालेली तिची बहीण गळतीच्या भीतीने लोकांत जाईना. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली स्टोमा असलेल्या आपल्याच रुग्णाला, नॉर्मा गिल यांना, इतर रुग्णांना शिकवण्यासाठी कामावर घेतलं. १९६१ मध्ये तिथे त्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आज जगभर शिकवली जाणारी स्टोमा थेरपी अशी एका रुग्णाच्या हातून उभी राहिली.

घरी गेल्यावर तर सगळी सूत्रं रुग्णाच्याच हाती येतात. स्टोमा लालसर, ओलसर असायला हवा. जांभळा-काळपट दिसला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करायचा. स्टोमाला स्पर्शाने वेदना कळत नाही, त्यामुळे पिशवीच्या चकतीचं भोक लहान कापलं गेलं तर कड घासत राहते आणि जाणवतही नाही. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत स्टोमा आक्रसतो, तेव्हा माप पुन्हा पुन्हा घ्यायचं.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर मोजपट्टीइतकंच मापाचं भांडं महत्त्वाचं. दिवसाला दीड लिटरहून जास्त पातळ द्रव बाहेर पडू लागला, लघवी कमी झाली, पायांत गोळे आले, की शरीर कोरडं पडतंय. अशा वेळी घरचे तांब्यामागून तांब्या साधं पाणी पाजतात. त्याने स्राव उलट वाढतो आणि मीठ वाहून जातं. हवं असतं मीठ-साखरेचं योग्य प्रमाणातलं द्रावण. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना वाचवलं, ते याच तत्त्वावर.

पिशवी बदलायला बहुतेक घरांत सून किंवा बायको शिकते आणि रुग्ण तोंड फिरवून पडून राहतो. घरच्यांनी जरूर शिकावं. पण घरी सोडण्याआधी निदान दोनदा तरी रुग्णाने स्वतःच्या हातांनी, परिचारिकेसमोर, ती बदललेली असावी. चष्मा लागत असेल तर तो लावून, आणि आरसा हवा असेल तर मागून घेऊन.