काम आपले, घर त्यांचे

भाड्याच्या घराची दुरुस्ती काढली की आपण सिमेंट, फरशी आणि मजुरीचा हिशेब मांडतो. त्या दिवसांत तिथे राहणाऱ्या माणसांनी काय करायचे, हा हिशेब सहसा राहून जातो.

आमच्या खालच्या दोन खोल्यांत चार वर्षांपासून एक कुटुंब राहते. नवरा-बायको कामाला जातात, मुलगा शाळेत आणि घरात त्यांची वयस्कर आई. त्यांना आम्ही खाला म्हणतो. यंदा भिंतीत ओल चढली. पावसाळ्याआधी संडास आणि मोरी, दोन्हींची फरशी बदलणे भाग होते. ऐकताच सूनबाई म्हणाल्या, "सर, मग आम्ही दुसरीकडे खोली बघू का? अम्मींना जिना चढवत नाही."

मिस्त्रीला दोन्ही एकदम फोडायचे होते. त्यात मजुरी वाचत होती. पण खालांचे रात्रीचे उठणे, वजू, सगळे तिथेच. म्हणून आधी संडास, तो वापरात आल्यावरच मोरी, असे ठरले. संडास बंद होता तेवढे दिवस मोरीत खालांसाठी कमोडची खुर्ची ठेवली. बाकीचे वर आमच्याकडे येत.

कामाआधी त्यांच्यासोबत बसून चार गोष्टी पक्क्या केल्या. सकाळी दहाच्या आत हातोडा नाही. जोहरनंतर खाला पडतात, तेव्हा तासभर काम बंद. पाणी तोडायचे असेल तर आदल्या संध्याकाळी सांगायचे. घरात फक्त बायका असतील तर मिस्त्री न विचारता आत जाणार नाही.

राहिला भाड्याचा प्रश्न. इजाऱ्यात मोबदला असतो तो वापराचा. जागा पूर्ण वापरता येत नसताना पूर्ण भाडे मागायला आमचे मन धजेना. त्या महिन्याचे अर्धेच घेतले. कायदाही पाहून ठेवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस दिल्यावर १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. कलम २९ प्रमाणे वाजवी कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही.

मजुरी थोडी जास्त गेली, काम चार दिवस लांबले. पण दुसरी खोली बघण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनी मिस्त्रीला बोलावण्याआधी एकदा खाली जाऊन विचारावे, "तुमची अडचण काय होईल?"